तिसरी बंदूक, यूआयएन, रिन्यूअल: परवानाधारकांनी भांडायच्या आधी काय काय उरकून घ्यायचं

शस्त्र परवान्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे "आजोबांपासून घरात बंदूक आहे, आता कोण विचारणार", आणि दुसरं "गुंडांकडे कट्टे आहेत ते यांना दिसत नाहीत, आमच्याच मागे लागलेत". दुसऱ्या वाक्यातला राग मला मनापासून पटतो, कारण कट्टा बाळगणारा कधी कुठल्या रजिस्टरमध्ये नाव लिहायला जात नाही, नाव असतं ते रांगेत उभं राहून परवाना काढणाऱ्याचं. पण पहिलं वाक्य डोक्यातून काढून टाका, खरंच काढून टाका. आता सगळं कॉम्प्युटरवर आलंय आणि तिथे आजोबा दिसत नाहीत, फक्त नंबर दिसतो. तुमचा राग खरा असेल तर तो मांडायलाही कागद सरळ लागतात, म्हणून आधी कागद आणि मग भांडण, या क्रमाने लिहितोय.

कायदा काय बदलला ते थोडक्यात. मूळ शस्त्र कायदा १९५९चा, त्याखालचे जुने नियम जाऊन २०१६ मध्ये नवे नियम आले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने कायद्यातच दुरुस्ती केली जी १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली. आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, त्या दोन झाल्या. मूळ बिलात तर एकच ठेवायची म्हणत होते, त्यावर बराच विरोध झाला तेव्हा कुठे दोनवर आलं, म्हणजे आपलं म्हणणं मांडून काहीच होत नाही असं नाही. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली, ही त्यातली खरंच सोयीची गोष्ट. आणि विनापरवाना बंदुकीची शिक्षा वाढली, आधी एक ते तीन वर्षं होती ती आता दोन ते पाच वर्षं आणि वर दंड. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण परवाना संपलेला किंवा रद्द झालेला माणूस कायद्याच्या नजरेत विनापरवानाच असतो, तो स्वतःला कितीही जुना परवानाधारक समजो.

तर सगळ्यात आधी परवाना बाहेर काढा आणि बंदूक पण बाहेर काढा, रिकामी आहे ना ते दोनदा बघून, आणि दोन्ही शेजारी ठेवून नंबर जुळवा. बॅरलवरचा नंबर, बनावट, बोर (नळीचं माप), परवान्यातली नोंद. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि बहुतेक लोक ते कधीच करत नाहीत. जुन्या बारा बोरच्या बंदुकांवर नंबर झिजलेला असतो, ठासणीच्या बंदुकीवर कधी कधी दिसतच नाही, किंवा वहीत लिहिताना कारकुनाने एक आकडा चुकवलेला असतो आणि तीच चूक पुढे प्रत्येक रिन्यूअलला उतरत गेलेली असते. तफावत दिसली तर स्वतः खिळ्याने वगैरे काही कोरायला जाऊ नका, नंबरशी छेडछाड हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. लेखी अर्ज द्या की नोंद आणि नंबर जुळत नाही, तपासून दुरुस्त करून मिळावी, आणि अर्जाच्या कॉपीवर आवक शिक्का घ्या.

मग यूआयएन, म्हणजे युनिक आयडेंटिफिकेशन नंबर बघा. २०१६च्या नियमांनुसार प्रत्येक परवान्याची नोंद एनडीएएल (नॅशनल डेटाबेस ऑफ आर्म्स लायसन्सेस) नावाच्या देशपातळीवरच्या डेटाबेसमध्ये व्हायला हवी आणि प्रत्येक परवानाधारकाला एक यूआयएन नंबर मिळायला हवा. मुदत कितीतरी वेळा वाढवली आणि शेवटी संपली, आता यूआयएन नसलेला परवाना वैध धरत नाहीत. यावरून गावोगाव लोक चिडले आणि त्यात तथ्य आहे, कारण जुन्या परवानाधारकांमध्ये वयस्कर शेतकरी भरपूर, त्यांना कुणी नीट सांगितलंच नाही. पण "मला कळवलं नाही" हे फार तर सुनावणीत म्हणता येईल, नाक्यावर गाडी अडवणाऱ्या पोलिसाला ते ऐकायचं कारण नाही. ज्यांच्याकडे दोन वेगवेगळे परवाने होते, एक बंदुकीचा आणि एक रिव्हॉल्वरचा, त्यांना ते एका यूआयएनखाली एकच करून घ्यायचे होते, ते झालंय का तेही बघून घ्या. परवान्यावर नंबर दिसत नसेल तर तुमच्या लायसन्सिंग अथॉरिटीकडे जा. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर अशा ठिकाणी ते पोलीस आयुक्तांचं ऑफिस, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी. आणि हो, तोपर्यंत ती बंदूक घरात ठेवण्यापेक्षा पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक आर्म्स डीलरकडे जमा करून पावती घेणं कधीही शहाणपणाचं.

आता तिसऱ्या बंदुकीचं. दुरुस्ती लागू झाल्यापासून एका वर्षात जादाची बंदूक जमा करायची होती, म्हणजे डिसेंबर २०२० पर्यंत, आणि त्यानंतर ९० दिवसांत तिचा परवाना काढून टाकायचा होता. ती मुदत कधीच गेली. तरी अजून काही घरांत तिसरी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, कुठे वडील वारले आणि पेटी उघडलीच नाही, कुठे भावाच्या नावावरची आपल्याकडे राहिली. अशी असेल तर उद्याच वकिलाशी बोला आणि स्वतःहून जमा करा, धाड पडल्यावर सापडणं आणि स्वतः नेऊन देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्यांना आता दोनातली एक कमी करायची आहे किंवा बदलायची आहे त्यांनी हे लक्षात घ्या की बंदूक विकायची तर घेणाऱ्याकडे परवाना हवाच, आणि तुम्ही जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं, त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यायचे आणि मग हस्तांतर. पाहुण्यातला आहे, मित्र आहे, विश्वासाचा आहे म्हणून आधी बंदूक देऊन मग कागद करू असं अजिबात नको.

जमा केलेली बंदूक अशीच सोडून देऊ नका हेही सांगतो. तिचं ठरलेल्या मुदतीत काही केलं नाही, परवाना नाही, विक्री नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. लोक जमा करून आले की सुटलो म्हणतात आणि काही वर्षांनी आजोबांची इंग्लिश डबल बॅरल गेली म्हणून हळहळतात.

वारसाची बंदूक हा तर आपल्याकडचा सगळ्यात नाजूक भाग. कोकणात, कोल्हापूर-साताऱ्याकडे, घराण्याची बंदूक म्हणजे दसऱ्याला पूजेत ठेवायची वस्तू, तिच्यावर हळदकुंकू असतं, ती विकायची म्हटलं की घरातली म्हातारी माणसं जेवत नाहीत. कायद्याला हे भावनेचं काही नाही पण वाट ठेवलेली आहे. परवानाधारक वारला तर कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो, आणि त्यासाठी वारण्याचीच वाट बघायची गरज नाही, परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो स्वतः वारस सुचवू शकतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की वडील हयात असताना हे करून घ्या, त्यांची सही असताना. नंतर भावाभावांत ना-हरकतीवरून जे सुरू होतं ते बघवत नाही. मृत्यू झालाच असेल तर आधी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा डीलरकडे जमा, पावती, मग मृत्यू दाखला, वारसांची कागदपत्रं, बाकी वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि स्वतःच्या नावाचा अर्ज. आणि दोनची मर्यादा वारसाच्या बंदुकीलाही आहे, तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर तिसरी वारसाने पण मिळत नाही, अशा वेळी मुलाच्या किंवा बहिणीच्या किंवा पुतण्याच्या नावाचा विचार करा, कायदेशीर वारस असेल तर.

"पण आमची तर भिंतीवरची आहे, उडतच नाही" असं सांगणारे खूप. कायद्यात जुन्या पद्धतीच्या किंवा पुरातन किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे हे खरं, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. घोडा तुटलाय, तो बसवला की उडेल, अशी ठासणीची बंदूक या सुटीत बसत नाही. हे आपण घरी ठरवायचं नाही, लेखी विचारायचं आणि जाणकाराकडून तपासून घ्यायचं.

नेमबाजीवाल्यांना काळजी होती की दोनच्या मर्यादेत खेळ कसा करायचा, एकेका इव्हेंटला वेगळी रायफल लागते. तर त्यांच्यासाठी २०२०च्या फेब्रुवारीत केंद्राने वेगळी अधिसूचना काढून दर्जाप्रमाणे जास्त शस्त्रांची सोय केली. तुमच्या रायफल असोसिएशनकडून तुमचा दर्जा कुठला ते पत्र घ्या, सगळं त्यावरच चालतं.

रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी, मी तर म्हणतो तीन महिने आधीच द्या. ऑनलाईन भरायचा, प्रिंट काढायची, कागद जोडायचे, ऑफिसात द्यायचा. डॉक्टरचं सर्टिफिकेट एस-३ नमुन्यातच घ्या, साध्या लेटरहेडवर आणलं की परत पाठवतात. पोलीस रिपोर्टला वेळ लागतो, नियमात पोलिसांना ३० दिवस आहेत पण बंदोबस्त आला, बदली झाली की फाईल पडून राहते, त्यामुळे ठाण्यात जाऊन शांतपणे विचारत राहा. पत्ता बदललाय पण कळवलं नाही म्हणून रिपोर्ट उलटा जाणं हे सर्रास होतं, तेव्हा गाव सोडून शहरात राहायला गेला असाल तर नव्या ठिकाणच्या अथॉरिटीला वेळेत कळवा.

निवडणूक आली की बंदुका जमा करायची नोटीस येते आणि सगळ्यात जास्त चिडचिड त्यावर होते, विशेषतः भात पिकत आलेलं असतं आणि रानडुकरं रात्री शेतात असतात तेव्हा. इथे तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. २००९ मध्ये गोव्यातल्या एका याचिकेवर मुंबई हायकोर्टाने सांगितलं की सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घ्यायच्या नाहीत, निवडणुकीच्या वेळी परवाने तपासणाऱ्या स्क्रीनिंग कमिटीने प्रत्येकाचं वेगळं बघायचं, कोण जामिनावर आहे, कोणाचा गुन्हेगारी इतिहास आहे, कोण आधी दंगलीत किंवा निवडणुकीच्या भांडणात होता, आणि मग ठरवायचं. म्हणून नोटीस आली की फाडून टाकू नका आणि निमूट पण बसू नका. कमिटीकडे लेखी अर्ज करा, माझ्यावर गुन्हा नाही, शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, या या गटात पीक उभं आहे, सातबारा जोडा, सूट द्या म्हणा. सूट नाही मिळाली तर मुदतीत जमा करा आणि पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसं किती ते लिहून घ्या, निकालानंतर आठवडाभराने परत मागायला जा, स्वतःहून कोणी घरी आणून देत नाही.

शेतकऱ्यांना अजून एक. परवाना हा बंदूक बाळगायचा आहे, डुक्कर मारायचा नाही. त्यासाठी वनविभागाची परवानगी वेगळी लागते, वन्यजीव कायद्याची केस झाली तर बंदूकही जाते आणि परवानाही. तसंच लग्नात, वरातीत, वाढदिवसाला हवेत बार काढणं आता स्पष्टपणे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोबाईलवर व्हिडिओ टाकणारा तुमचाच भाचा असतो आणि पुरावा पण तोच होतो.

बीडमध्ये २०२५ मध्ये परवान्यांची फेरतपासणी झाली आणि बरेच रद्द झाले, तेव्हापासून बाकी जिल्ह्यांतही लोक धास्तावलेत. ज्यांच्यावर गुन्हे आहेत आणि तरी कमरेला पिस्तूल लावून फिरत होते त्यांचे परवाने गेले याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, अशांमुळेच बाकीच्यांकडे संशयाने बघतात. पण कारवाईच्या लाटेत साधा माणूस पण सापडू शकतो, तेव्हा नोटीस आली की तारीख चुकवू नका आणि उत्तर लेखीच द्या. जुना गुन्हा असेल आणि निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रमाणित प्रत जोडा, कारण पोलिसांच्या रेकॉर्डमध्ये गुन्हा दाखल झालेला दिसतो पण सुटलेला बरेचदा दिसत नाही. परवाना नाकारताना किंवा रद्द करताना कारणं लेखी नोंदवावी लागतात, त्यांची प्रत मागून घ्या. तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढंच कारण देऊन परवाना नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. आदेश पटला नाही तर अपील करता येतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, आयुक्तालयाच्या शहरात शासनाच्या गृह विभागाकडे. अपिलाची मुदत छोटी असते, त्यामुळे आदेश हातात पडल्या दिवशीच वकिलाला फोन करा. आणि अपील चालू आहे म्हणून बंदूक घरात ठेवायची नाही, परवाना रद्द झाला की आधी ती जमा करायची, पावतीची एक प्रत अपिलाला जोडायची आणि मग भांडायचं.