शेजारच्या वर्कशॉपची धूळ आणि आवाज: तक्रारीआधी कारण शोधा

‘फार त्रास होतो हो’ एवढंच सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि काम चालूच राहतं. ‘दुपारी शटर उघडं ठेवून कटर चालतो तेव्हा’ असं सांगितलं, तर त्याला काहीतरी करता येतं.

त्यासाठी दोन आठवडे नोंद ठेवा: तारीख, सुरू आणि बंद झाल्याची वेळ, आवाजाचा प्रकार (घरघर, कर्कश, ठोके), वाऱ्याची दिशा, खिडक्या उघड्या की बंद, आणि झोपमोड झाली का, बोलणं ऐकू आलं का. ज्या दिवशी त्रास झाला नाही, तोही दिवस लिहा. त्याच्याशी ताडून पाहिल्यावरच कारण सापडतं.

धुळीसाठी दोन सारख्या बशा घ्या. एक वर्कशॉपकडच्या खिडकीत, दुसरी घराच्या विरुद्ध बाजूला, दोन्ही पावसाच्या आडोशाला, ७ दिवस. दोन्हींत सारखीच धूळ साचली तर दोष बहुधा रस्त्याचा किंवा एकूण परिसराचा आहे. वर्कशॉपकडच्या बशीत जास्त साचली, तर कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्या धुळीवर फिरवा. बरेच कण चिकटले तर बहुधा लोखंडाचं ग्राइंडिंग. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर संगमरवर, चुना किंवा सिमेंट. ग्रॅनाइट फसफसत नाही, पण त्याच्या बारीक धुळीतली सिलिका (वाळूत असतं ते खनिज) फुप्फुसांना घातक असते. ही धूळ कोरड्या झाडूने कधीच काढू नका, ओल्या फडक्यानेच पुसा.

आवाजाचं मोबाइल अ‍ॅप फक्त तुलनेपुरतं वापरा: तोच फोन, तीच जागा, मशीन चालू असताना आणि बंद असताना. कॉम्प्रेसरची खोल घरघर त्यात कमी दिसते, कारण नेहमीच्या डेसिबल मोजणीत खालच्या पट्टीतले आवाज कमी धरले जातात.

आता भिंतीला कान लावा. खिडकीपेक्षा भिंतीत आवाज जास्त असेल तर तो कंपनातून येतोय आणि खिडक्या कितीही बंद केल्या तरी थांबणार नाही. कॉम्प्रेसरच्या पायांखाली रबर पॅड बसवायला सांगा. इथे हमखास एक गोष्ट राहून जाते: मशीनपासून भिंतीपर्यंतचा लोखंडी पाइप तसाच ठेवला, तर कंपन पॅडला वळसा घालून पाइपातून येतं. मधे लवचीक होजचा तुकडा हवाच.

मालकाकडे शक्यतो काम थांबलेलं असताना जा आणि एका वेळी एकच मागणी करा. दगड-फरशी पाण्याची धार सोडून कापणं, कटरलाच धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडणं, कापताना तुमच्या बाजूचं शटर बंद ठेवणं, हवेच्या प्रेशरने जागा साफ न करणं. यातली शेवटची मागणी बिनखर्चाची आहे, तिथूनच सुरुवात करा. ठरलं ते तारखेसह मेसेजवर लिहून पाठवा. फरक पडला नाही तर स्थानिक प्रशासनाकडे नोंदींची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तोवर घराच्या फटी बुजवा. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी असेल, तर भिंत कितीही जाड असली तरी सुमारे २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. म्हणून महागडी काच बसवण्याआधी खिडक्यांच्या झडपांना रबराची पट्टी लावा. झाडांची एखादी रांग आवाज जवळजवळ अडवत नाही. कुंपणभिंत अडवते, पण ती सलग, बिनफटीची आणि तुमच्या खिडकीतून मशीन दिसणार नाही इतकी उंच असली तरच.