बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, आता आपली पॅरिश कुठली?

आमची बिल्डिंग सांताक्रूझ ईस्टला, चार मजली, चर्चपासून चालत सहा मिनिटं. रविवारी सातच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेची, घंटा ऐकली की आई चहाचा कप सिंकमध्ये ठेवून निघायची आणि तरी पहिल्या वाचनाच्या आधी आपल्या बाकावर बसलेली असायची. मग रिडेव्हलपमेंट आलं. छत्तीस महिने म्हणाले होते, आता पाचवं वर्ष चालू आहे, भाडं कधी येतं कधी दोन-दोन महिने लटकतं, आणि आम्ही नालासोपाऱ्यात तिसरं घर बदललंय. माझ्यासारखे बरेच जण आहेत हे मला ट्रेनमध्येच कळलं, म्हणून जे जे उशिरा शिकले ते इथे टाकतेय, तुमचं तरी वेळेवर होऊ दे.

आधी मुद्द्याचं. "परत गेलो की बघू" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. आम्ही पहिली दीड वर्षं तेच करत बसलो, नवीन पॅरिशमध्ये, म्हणजे त्या भागाच्या चर्चमध्ये, नाव नाही घातलं, जुन्या पॅरिशला रविवारी जायचं ठरवायचो, मग कधी जंबो ब्लॉक, कधी पोराची परीक्षा, कधी नुसताच कंटाळा, आणि शेवटी ना इथले ना तिथले. आईने तर आठ महिने कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घेतलं नव्हतं आणि आम्हाला कोणाला ते कळलंही नाही, कारण ती बोलली नाही.

तर पहिलं काम, नवीन ठिकाणी सामान लागलं की पॅरिश ऑफिसात जाऊन नाव घालायचं. लोकांना वाटतं आपण भाड्याने राहतो, आपलं नाव कसं घेतील. घेतात. कॅथलिक चर्चच्या कायद्यातच आहे, एखाद्या पॅरिशच्या हद्दीत तीन महिने राहिलात किंवा निदान तीन महिने राहायच्या इराद्याने आलात, तरी तिथला फादर तुमचाही फादर होतो, आणि मूळचं घर तुम्ही कायमचं सोडलेलं नसेल तर जुना फादरही राहतो. म्हणजे दोन पॅरिश असणं हा काही गुन्हा नाही. आणि पाच वर्षं पूर्ण एका जागी राहिलात की इरादा काहीही असो, तुमचं कायमचं घर तिथलंच धरतात! हे मला नव्या ठिकाणच्या फादरनी सांगितलं तेव्हा हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला.

ऑफिसात जाताना लिव्ह अँड लायसन्सची कॉपी, सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले, आपल्या लग्नाचा चर्चचा दाखला आणि जुन्या फादरचं दोन ओळींचं पत्र असं घेऊन जा. पत्र मागतीलच असं नाही, पण असलं की ऑफिसमधल्या बाईंचा चेहरा बदलतो. रविवारी मिस्सानंतर जाऊ नका, तेव्हा सगळं गावच तिथे असतं, मधल्या वारी संध्याकाळी जा. आणि अकरा महिन्यांनी घर बदललंत तर परत जाऊन पत्ता बदला. कंटाळा येतो, मान्य आहे, पण फादर घर ब्लेस करायला जुन्या पत्त्यावर गेले आणि तिथे वेगळ्याच माणसांनी दार उघडलं असं आमच्याकडे झालंय.

वसईची खाडी ओलांडून आलात तर अजून एक गोष्ट आहे. भाईंदरपर्यंत मुंबईचा सरधर्मप्रांत (आर्चबिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग), खाडीच्या पलीकडे वसईचा धर्मप्रांत, तो १९९८ ला वेगळा झाला. बिशप वेगळे, ऑफिस वेगळं, सर्क्युलर वेगळी, आणि मुख्य म्हणजे इकडे बहुतेक मिस्सा मराठीत. आपण घरी मराठी बोलतो म्हणून वाटतं सोपं जाईल, पण इतकी वर्षं इंग्लिश मिस्साला उभं राहून उत्तरं दिलेली असतात, इथे सगळे "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हणायला लागले की तोंड नुसतं हलतं. पोरगा पहिल्याच आठवड्यात म्हणाला, मम्मा मी फक्त आमेन बोललो. चर्चच्या स्टॉलवरनं प्रार्थनापुस्तक घ्या, रात्री रोझरीचं एक रहस्य, म्हणजे जपमाळेचा एक भाग, मराठीत म्हणा, महिन्या-दोन महिन्यांत जीभ वळते. गाणी तर आपोआप येतात.

पोरांच्या कॅटेकिझमचं, म्हणजे धर्मशिक्षणाचं, मात्र वाट बघून चालत नाही. फर्स्ट कम्युनियनची तयारी बऱ्याच पॅरिशमध्ये वर्षभराच्या वर चालते, मध्ये सोडलं की पुढच्या जूनला परत पहिल्या पायरीवर बसवतात, आणि मग उंच झालेला पोरगा छोट्यांच्या लाइनीत उभा राहायला तयार होत नाही. बिल्डिंग सोडायच्या आधी संडे स्कूलकडून कुठपर्यंत झालंय ते लिहून घ्या. सही-शिक्क्यासकट.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचाच. तुमचा बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला त्याच चर्चच्या रजिस्टरमध्ये तुमची सगळी कुंडली असते, कन्फर्मेशन (दृढीकरणाचा संस्कार) झालं, लग्न झालं की त्याची नोंद फिरून तिथेच जाते. म्हणून लग्न ठरलं की घरातला जुना पिवळा दाखला चालत नाही, ताजा काढून आणायला सांगतात, सहसा सहा महिन्यांच्या आतला, म्हणजे मधे आधीच एखादं लग्न झालेलं नाही हे कळावं. त्यासोबत लग्नाचा प्रिपरेशन कोर्स आणि बॅन्स (चर्चमध्ये लग्नाची जाहीर सूचना), तेही दोघांच्या पॅरिशमध्ये, आणि तुमची पॅरिश कोणती हेच जर नक्की नसेल तर इथून तिथे एनओसी नाचवत बसाल. सामान बांधायच्या आधी सगळ्यांचे दाखले काढा, आधार कार्डावरचं आणि दाखल्यावरचं स्पेलिंग जुळवून बघा, चुकलं असेल तर तिथे राहत असतानाच ऑफिसात अर्ज द्या. आमच्या आईचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे आहे, त्याची गोष्ट वेगळी लिहावी लागेल.

मयताचं बोलायला कोणाला आवडत नाही, मलाही नाही, पण बोलून ठेवा. माझे मामा भाड्याच्या घरात वारले, रात्री दोन वाजता. घरच्यांना त्यांना जुन्या पॅरिशच्या कबरस्तानात न्यायचं होतं, तिथे मामीची निश (अस्थी ठेवायचा भिंतीतला कप्पा) आहे. सकाळी फोन केला तर तिथल्या रजिस्टरला यांची वर्गणी तीन वर्षं आलेलीच नाही, पत्ता लागत नाही म्हणून कार्ड बंद केलेलं. शेवटी सगळं झालं, माणसं वाईट नव्हती, पण पाच तास गेले, त्यात वर्सोवा ब्रिजचा ट्रॅफिक, मे महिना, आणि मामाची पोरगी ॲम्ब्युलन्समध्ये बसून फोनवर रडत रडत पावती क्रमांक शोधतेय. हे कोणावर येऊ नये. म्हणून जुन्या पॅरिशला एक पत्र देऊन ठेवा की आम्ही तात्पुरते बाहेर आहोत, हा नवीन पत्ता, हा फोन, कबरस्तानाची वर्गणी चालू ठेवतो. त्याची पोच घ्या. फ्युनरल मिस्सा साधारण आपल्या पॅरिशमध्ये होतो, पण दुसरं चर्च निवडायची मुभा आहे, तिथल्या फादरची संमती लागते आणि आपल्या फादरला कळवावं लागतं. घरातल्या मोठ्यांना सरळ विचारा, तुम्हाला कुठे न्यायचं. आईने मला अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं, जणू काही वाटच बघत होती कोणीतरी विचारायची.

म्हाताऱ्या माणसांसाठी अजून एक. जिना चढवत नाही, रिक्षा मिळत नाही, म्हणून मिस्सा चुकला तर पाप लागलं म्हणून कुढत बसतात. आजारपण किंवा तान्हं पोर सांभाळणं असं खरं कारण असेल तर रविवारच्या मिस्साचं बंधन लागू होत नाही, हे त्यांना फादरच्या तोंडून ऐकवा, आपल्या तोंडून पटत नाही. आणि ऑफिसात सिक कॉलच्या यादीत नाव द्या म्हणजे घरी कम्युनियन येईल. तुम्ही तरणेताठे असाल आणि रविवारी ड्युटी असेल तर शनिवार संध्याकाळचा मिस्सा रविवारचाच धरतात. मोबाईलवरच्या मिस्साबद्दल माझं मत कडक आहे. २०२० च्या मार्चमध्ये चर्च बंद झाली, त्या वर्षीचा ईस्टर आम्ही टीव्हीसमोर गुडघे टेकून केला, देवळं-चर्च परत उघडली १६ नोव्हेंबरला, तेव्हा तो आधार होता आणि अंथरुणावरच्या माणसाला आजही आहे. पण कांदा चिरता चिरता मिस्सा लावून ठेवणं म्हणजे रेडिओ झाला तो.

पैशाची अडचण असेल तर लाजू नका. भाडं बिल्डरकडून येत नाही आणि घरमालक तर थांबत नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉलची माणसं बऱ्याच पॅरिशमध्ये असतात, ही सोसायटी १८३३ पासूनची, पॅरिसला कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेली. दोघं जण घरी येतात, बसतात, विचारतात, आणि बाहेर बोलत नाहीत. रेशन, शाळेची फी, औषधं, जे जमेल ते. आम्ही एकदा घेतलंय. त्या महिन्यात कलेक्शनच्या पिशवीत मी दहा रुपये टाकत होते आणि शेजारणीने बघू नये म्हणून मूठ घट्ट, आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मग प्रार्थना. खरं सांगते, एक काळ असा गेला की मला करावीशीच वाटेना. मोत माउलीला (माउंट मेरीला) जाऊन मेणाचं घर वाहिलं होतं, बांद्र्याला पायऱ्यांवर मिळतात ना, हात पाय बाळ घर, त्यातलं. दोन वर्षं झाली तरी आमच्या प्लॉटवर नुसता खड्डा आणि पावसाळ्यात त्यात बेडूक. कुमसाराला (फादरसमोर पापकबुलीला) गेले आणि सांगितलं, फादर मी देवावर चिडलीये. त्यांनी लेक्चर नाही दिलं, म्हणाले घरी जाऊन स्तोत्र १३ वाच, मोठ्याने. सहा ओव्या आहेत फक्त, आणि पहिल्या दोनातच तो माणूस देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? मला ते फार बरं वाटलं. तुम्हालाही शब्द सुचत नसतील तर ते घ्या, रोज एकदा, बास. माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेना (ठरलेली खास प्रार्थना) पण चालेल, तिथे कोणी पॅरिश विचारत नाही, आणि अर्धी लाइन तर आपल्या धर्माची पण नसते, तरी सगळ्यांच्या हातात मेणबत्ती.

आई एकदा म्हणाली, चर्च असं सोडून कोण जातं. म्हटलं, अगं अख्खी पॅरिशच गेलीये. अंधेरीला सीप्झच्या (निर्यात कंपन्यांच्या बंद वसाहतीच्या) आत ते पोर्तुगीज काळातलं पडकं चर्च आहे ना, संत जॉन बाप्तिस्टचं, १८४० ला साथ आली, लोक कोंडिविटा सोडून मरोळला गेले, चर्चही तिकडेच नेलं. आणि तरी दर वर्षी मे महिन्यात एक दिवस त्या छप्पर नसलेल्या भिंतींमध्ये मिस्सा होतो, गेटवर सिक्युरिटी असली तरी. गिरगाव, माझगाव, बांद्र्याच्या गल्ल्यांतले कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगमधले आहेत, घरं रिकामी होत होती तेव्हा लोकांनी उभे केलेले. आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या रविवारी इथल्या मिस्साला स्वतःहून तयार होऊन बसली.

क्रूसावरून आठवलं, तुमच्या प्लॉटवर क्रूस असेल तर तो कुठे उभा राहणार हे डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटमध्ये आणि प्लॅनवर लिहून घ्या, तोंडी "हो हो करू" चालणार नाही. त्यावरच्या अक्षरांचे, सालाचे जवळून फोटो काढून ठेवा.

नवीन ठिकाणी कम्युनिटी मीटिंगला जा, नसेल तर चार घरांची सुरू करा. हॉल छोटा असला तरी होतं, पलंगावर बसायचं. पाऊण तास, वेळेवर सुरू, एक वाचन, थोडं बोलणं, रोझरी, आणि खायला फक्त चहा-बिस्किट, कारण एकीने कटलेट केले की दुसरी फुगिया करते आणि तिसरीला बोलवायची लाज वाटायला लागते. बिल्डरचा विषय तिथे काढायचा नाही. त्याच्यासाठी वेगळा ग्रुप ठेवा, आम्ही एक करून ठेवला होता त्यात "गुड मॉर्निंग गॉड ब्लेस" च्या खाली लगेच "सेक्रेटरी चोर आहे" असं यायचं. आणि सोसायटी व्हेजवाली असेल तर मीटिंग तुमच्याकडे घ्या, चार लोक प्रार्थनेला येतात हे बघून शेजारी जरा सैल होतात, नंतर बोंबील तळले तरी कोणी काही बोलत नाही. निदान आमच्याकडे तरी नाही बोलले.

जुन्या ठिकाणचं एकच धरून ठेवलंय आम्ही, मे महिन्यातली क्रूसावरची रोझरी. बिल्डिंग नाही पण क्रूस आहे, पत्र्याच्या बाहेर. मीरा रोडवरून, विरारवरून, एक कुटुंब तर पार बदलापूरवरून येतं. तुम्हाला करायचं असेल तर तारीख फेब्रुवारीतच सांगा, रविवार टाळा, शनिवार ठेवा. चणे आदल्या रात्रीच भिजत घाला, सकाळी घातले तर कडकच राहतात, आम्ही एकदा दाताने फोडून खाल्लेत. लायटीचं कनेक्शन समोरच्या दुकानातून मागून घ्यायचं, बिल्डरच्या वॉचमनकडून नाही. आणि साडेसहाला सुरू करा, सातला नाही, कारण लादाई (रोझरीनंतरची आळवणी), शेवटचं गाणं, चणे वाटणं आणि निघता निघता गेटवरच्या गप्पा धरून दोन तास जातात, आणि नऊनंतर सांताक्रूझहून विरार स्लोमध्ये आईला बसायला जागा मिळाली तर मिळाली.