जुन्या पार्टमधून लॅपटॉप: आधी बोर्ड तपासा, मग बाकीचं घ्या

लॅपटॉप जुळवायचा तर आधी मॉडेल ठरवा आणि सगळे पार्ट त्याच मॉडेलचे घ्या. डेस्कटॉपसारखा कुठलाही बोर्ड (मदरबोर्ड) कुठल्याही बॉडीत इथे बसत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी लेनोवोचा थिंकपॅड टी४८० धरावा. २०१८ चं मॉडेल, बहुतेकांत इंटेलचा आठव्या जनरेशनचा प्रोसेसर; तो असेल तर विंडोज ११ रीतसर चालतं. रॅमचे दोन स्लॉट आहेत, मागची बॅटरी हातानं निघते आणि लेनोवोचं दुरुस्तीचं मॅन्युअल फुकट मिळतं. टी४७० स्वस्त मिळेल, पण तो सहाव्या-सातव्या जनरेशनचा. त्यावर विंडोज ११ रीतसर चालत नाही, त्याऐवजी लिनक्स मिंट टाकायची तयारी असेल तरच घ्या. आणि टी४८०एस वेगळा. नाव सारखं असलं तरी त्याला रॅमचा एकच स्लॉट आहे, बॅटरी आत आहे आणि बरेच पार्ट एकमेकांना चालत नाहीत.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानांत चौकशी करताना सुटा बोर्ड मागू नका. बोर्ड, हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा भाग), कीबोर्ड आणि हिंजसकट बॉडी मागा. स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेल्या बोर्डचा हीटसिंक वेगळा असतो, तो नंतर शोधत फिरावं लागतं.

पैसे देण्याआधी बोर्ड दुकानातच चालू करून बघा. रॅमची एकच काडी लावा, ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर जोडा, लोगो दिसला की एफ१ दाबून बायॉस (मशीनच्या मूळ सेटिंग) उघडा. पासवर्ड मागितला तर तिथूनच परत फिरा. सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, सीमॉसचा (बोर्डवरचा छोटा) सेल काढून तो जात नाही. चार्जर डावीकडच्या दोन्ही टाइप-सी पोर्टला लावून बघा आणि पिन हलकेच हलवा. चार्जिंग तुटत असेल तर पोर्ट सैल झालाय. या मॉडेलच्या जुन्या थंडरबोल्ट फर्मवेअरमुळेही (टाइप-सी पोर्ट चालवणाऱ्या आतल्या प्रोग्राममुळे) पोर्ट बिघडतात, म्हणून मशीन घरी आलं की आधी ते फर्मवेअर अपडेट करा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावीच लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीसकट शहरात बऱ्याच ठिकाणी पाणी शिरलं होतं. भिजलेलं मशीन वाळवून चालू होतं, पण चिपखाली गंज वाढत राहतो आणि काही महिन्यांनी बोर्ड बंद पडतो. खालचं कव्हर उघडायला लावा आणि मोबाईलच्या टॉर्चनं बघा: कीबोर्डच्या कनेक्टरवर पांढरी-हिरवी पूड, पंख्याच्या कडेला वाळलेला गाळ, आतले स्क्रू गंजलेले. यातलं एक जरी दिसलं तरी ती बॉडी सोडा, कितीही स्वस्त असो.

बोर्ड पास झाला की ८ जीबीच्या दोन डीडीआर४ काड्या घ्या. एसएसडीसाठी २.५ इंची, ७ मिमी जाडीची साटा सोपी. एनव्हीएमई (जास्त वेगवान एसएसडी) हवी तर तिचा कॅडी (बसवायची चौकट) आणि केबल वेगळी. पॅनेल (स्क्रीन) १९२० × १०८० चं आयपीएस, ३० पिनचं. टच पॅनेलची केबल निराळी असते.

जोडणीत सगळ्यात जास्त नुकसान बॅटरीमुळे होतं. मागची काढली तरी आतली बॅटरी बोर्डला वीज देतच असते, आणि तशात पॅनेलची केबल लावली की बॅकलाइटचा (स्क्रीनच्या उजेडाचा) फ्यूज उडतो. म्हणून बायॉसमध्ये कॉन्फिग, मग पॉवरमध्ये जाऊन ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ करा, चार्जर आणि मागची बॅटरी काढा, मगच स्क्रू सोडा. कव्हर जुन्या एटीएम कार्डानं कडेकडेनं उचका. स्क्रूड्रायव्हर घातला तर क्लिपा तुटतात. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या आकड्यांच्या क्रमानंच, थोडे थोडे आवळा.

रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते. बंद करू नका. त्यानंतरही काही आलं नाही तर एकच काडी ठेवा, तिचे सोनेरी पाय खोडरबरानं पुसा, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा.

सगळं जुळल्यावर मेमटेस्टचा (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा) एक पूर्ण फेरा होऊ द्या. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये बघा. बॅटरीसाठी विंडोजमध्ये ‘powercfg /batteryreport’ ही कमांड टाइप करून चालवा. आजची क्षमता मूळच्या निम्म्याहून कमी असेल तर बदलून मागा. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नका, कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, चोरीचा माल निघाला तर तेवढाच पुरावा हातात असतो. आणि पहिला पार्ट घेण्याआधी कागदावर सगळ्यांची बेरीज करा. वॉरंटीसकट तयार टी४८० तेवढ्यातच मिळत असेल तर तोच घ्यावा.