शुगर वरखाली होत असताना नवा चष्मा करू नका

शुगर वाढली आणि लांबचं धूसर दिसू लागलं की आपल्या नागपुरात बहुतेक जण बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) जाऊन नंबर काढतात, चष्मा करून येतात. महिनाभरात औषधं लागू पडतात, शुगर उतरते आणि तोच चष्मा डोक्याला ताप होतो. दोष दुकानदाराचा नसतो. रक्तातली जादा साखर डोळ्याच्या भिंगात शिरते, तिथे तिचं सॉर्बिटॉल बनतं, ते पाणी ओढून घेतं आणि भिंग फुगतं. बहुधा उणे नंबर वाढतो. शुगर उतरताना उलटं होतं: लांबचं सुधारतं, पण पेपर वाचता येत नाही. औषधानेच नजर गेली असं समजून काही जण इथेच गोळ्या बंद करतात. ते अजिबात करू नका.

भिंग मूळ आकारात यायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, कधी जास्तही. तोवर जुन्या चष्म्यावर भागवा आणि रात्री गाडी चालवणं टाळा. शुगर स्थिरावली की नंबर काढा. दोन आठवड्यांनी पुन्हा काढा. दोन्ही नंबर जुळले तरच नवा चष्मा करायला टाका.

घरी एक चाचणी करता येते. जाड पुठ्ठ्याला टाचणीने १ मिलिमीटरचं भोक पाडा, एक डोळा झाका आणि दुसऱ्याने भोकातून भिंतीवरचं कॅलेंडर बघा. तारखा स्पष्ट झाल्या, तर धूसरपणा बहुधा नंबरचा. काही फरक पडला नाही, तर मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) त्रास असू शकतो. मात्र भोकातून छान दिसलं म्हणून पडद्याची तपासणी टाळायची नाही. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत असताना ना दुखतं, ना सुरुवातीला नजर कमी होते.

टाइप २ मधुमेह कळल्याबरोबर आणि पुढे दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यावा. टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत सुरुवात करावी. आधीच मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच. नागपुरात मेडिकल (शासकीय मेडिकल कॉलेज), मेयो आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत नेत्रविभाग आहे. एचबीए१सीचा (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा) ताजा रिपोर्ट, औषधांची यादी आणि चालू चष्मा सोबत न्या. बाहुली मोठी करायला घातलेल्या थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो, त्यामुळे स्कूटर घरी ठेवा. मे महिन्यात सकाळचीच वेळ घ्या, गॉगल विसरू नका. इन्सुलिन सुरू करून शुगर झपाट्याने खाली आणायची असेल, तर आधी पडदा तपासून घ्या. पडद्याचा जुना आजार असल्यास तो सुरुवातीला बळावू शकतो.

एकाएकी धूसर किंवा दोन-दोन दिसून घाम सुटला, हात थरथरले तर शुगर मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात घालून प्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात हलवा.

काळे ठिपके अचानक वाढले, विजा चमकल्यासारखं वाटलं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

आणि उन्हाळ्यात कारण नसताना शुगर चढली, तर इन्सुलिन कुठे ठेवता ते बघा. नागपूरच्या ४५ अंशांत उभ्या गाडीच्या डिक्कीतलं इन्सुलिन निकामी होतं. फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. फ्रिज नसेल तर बंद डब्यात घालून ओल्या माठात.