पानशेतच्या आठवणी गोळा करताना: आधी माइक, मग पडदा

पुण्याच्या पेठेत पानशेतच्या पुराच्या आठवणी गोळा करून त्या जुन्या चित्रफितींसोबत लोकांना दाखवायच्या असतील, तर क्रम चुकवू नका. आधी रेकॉर्डिंग, पडदा त्यानंतर. जुनी फिल्म किंवा पेपरातले फोटो अगोदर दाखवले, की माणसं स्वतःचं पाहिलेलं सोडून पडद्यावरचं सांगू लागतात. मग पूल पाण्याखाली जाताना सगळ्यांनीच 'पाहिलेला' असतो.

१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. त्या दिवशी दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे, त्यामुळे यादी थोरल्यांपासून करा. शनिवार, नारायण, कसबा या पेठांतच थांबू नका. पूरग्रस्तांच्या वसाहती गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा भागांत झाल्या, निम्मी गोष्ट तिकडे आहे.

"पूर कसा होता?" असं विचारलंत की भाषण मिळतं. त्यापेक्षा विचारा: पाणी कितव्या पायरीला लागलं? आधी काय वर नेलं? गाळ कशाने उपसला? पिण्याचं पाणी कुठून आणलंत? खडकवासल्याचं धरणही फुटल्याने शहराचा पाणीपुरवठा तुटला होता, त्यामुळे शेवटच्या प्रश्नातून वाड्यांचे आड आपोआप निघतात. घरातलं कोणी गेलं का, हे आपणहून विचारायचं नाही. सांगू लागले तर मध्ये बोलायचं नाही, आणि "बंद करू का?" एवढंच विचारायचं.

जिना शिल्लक असेल तर पाणी कुठवर चढलं ते मोजायला मोजपट्टी घेऊन जा. उंची जोत्यापासून मोजा, रस्त्यापासून नको. डांबराचे थर चढून रस्ता वर आलेला असतो आणि फूट-दीड फुटाचा घोळ सहज होतो.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, पण पदरावर नको. पदर सरकला की खरखर येते. मंगळसूत्र माइकवर आपटत नाही ना, तेही पाहा. पंखा बंद, कुकर गॅसवरून खाली. सुरुवातीला नाव, तारीख, ठिकाण बोलून घ्या आणि शेवटी अर्धा मिनिट नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करा, संकलनात जोड लपवायला ती लागते. रेकॉर्डरवर फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी ठेवा. एका बैठकीला ४५ मिनिटं पुरे.

कोणी आठ मिलिमीटरचं रीळ काढून दिलं तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे फिल्म कुजू लागली आहे. जुन्या प्रोजेक्टरवर ती अजिबात चढवू नका, दात्यांत अडकून फाटते. सरळ स्कॅनिंगला द्या. "हे पुराचंच आहे" असं ठामपणे सांगितलं, तरी कडेची भोकं पाहा. भोकं मोठी आणि दोन चौकटींच्या (फ्रेम्सच्या) मधल्या रेषेवर असतील तर ती साधी आठ मिलिमीटर. बारीक आणि चौकटीच्या मध्यावर असतील तर सुपर एट, आणि ती बाजारात आली १९६५ साली. म्हणजे ते पाणी दुसऱ्या कुठल्या तरी वर्षाचं. ५० फुटांचं साधं रीळ १६ चौकटींच्या वेगाने चार मिनिटांच्या जरा वर चालतं, कार्यक्रम आखताना हे धरा.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवर राहतो. फ्रेमसकट, तिरपा उजेड टाकून टिपा. सुटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागे बॉलपेनने काही लिहू नका.

संमतीपत्रावर तीन वेगळ्या चौकटी हव्यात: जपून ठेवणे, पेठेत दाखवणे, इंटरनेटवर टाकणे. पहिल्या दोन्हींना 'हो' आणि तिसरीला 'नाही' म्हणणारे बरेच असतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. प्रदर्शित चित्रपटांचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) भारतात प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६१ साली प्रदर्शित झालेली वृत्तचित्रं त्यातून मोकळी आहेत. मात्र चांगली प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांच्या अटी वेगळ्या असू शकतात.

कार्यक्रम जुलैतच ठेवणार असाल तर चौकाचा मोह सोडा, सभागृह घ्या. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की थरथरते आवाज ऐकूच येत नाहीत. तीन-चार मिनिटांचे पाचच तुकडे दाखवा, खाली मोठ्या अक्षरांत मजकूर द्या, मग दिवे लावून गप्पा. दाराशी पेठेचा मोठा नकाशा आणि पेन्सिली ठेवा. खरी भर तिथेच पडते: "आमचा जिना इथे होता" म्हणत कोणी बोट ठेवलं, की नाव आणि फोन लगेच वहीत घ्या आणि आठवड्याच्या आत माइक घेऊन त्यांच्या घरी जा.