घाटातली सायकल शर्यत रेडिओवर आणायची तर

क्रिकेटचं समालोचन एका जागी बसून करता येतं. सायकलची शर्यत मात्र डोळ्यांसमोरून जेमतेम अर्धा मिनिट जाते, बाकी सगळं वळणापलीकडे. म्हणून मुंबई–पुणे शर्यतीवर १५ मिनिटांचा कार्यक्रम करायचा असेल, तर गाडी घेऊन तिच्यामागे धावू नका. बोरघाटातलं चढाचं एक वळण पकडा आणि तिथेच थांबा. ‘घाटाचा राजा’ हा किताब याच चढावर ठरतो. शिवाय वेग उतरलेला असल्याने धापा, साखळी, डांबरावर घासणारे टायर हे सगळं माइकला सापडतं.

१९३० च्या टूर दि फ्रान्समध्ये जाँ आन्त्वान आणि अलेक्स व्हिरो या रेडिओ वार्ताहरांनी पिरेनीज डोंगरातल्या ओबिस्क खिंडीत हेच केलं: स्वार वर पोचतानाचा आवाज जागेवर मुद्रित केला, प्रसारण नंतर. हाच व्हिरो १९५७ च्या टूरमध्ये मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून वार्तांकन करताना अपघातात गेला. तेव्हा घाटात बाइकवर मागे बसून हातात माइक धरण्याची कल्पना सोडून द्या.

धावफलक नसलेल्या खेळात श्रोत्याला धरून ठेवतं ते अंतर. रस्त्याकडेचा एक खांब ठरवा. आघाडीवाल्याचं पुढचं चाक खांबाशी आलं की स्टॉपवॉच सुरू, पाठलाग करणारा आला की बंद. आकडा बोलताना चढ की सपाटी ते सांगाच. एका मिनिटाचा फरक म्हणजे ताशी ४५ किलोमीटरच्या सपाटीवर पाऊण किलोमीटर, पण ताशी १५ च्या चढावर फक्त पाव किलोमीटर. चढावर पुढचा स्वार नजरेच्या टप्प्यात असतो. पाठलागाला जोर येतो तो त्यामुळेच.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलवर ठेवा. बोलण्यातले सर्वांत मोठे आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, कारण ट्रकचा हॉर्न सांगून येत नाही आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. घाटातल्या वाऱ्याला नुसता फोम पुरत नाही, त्यावर केसाळ कव्हर हवंच. कोणीही न बोलता दोन मिनिटं नुसता परिसर टिपा. जोडकाम करताना ठिगळं याच आवाजाने झाकतात.

सायकलवरचा आवाज हवा असेल तर तो सरावाच्या दिवशी घ्या आणि कार्यक्रमात तसं सांगा. छोटा क्लिप माइक हँडलवर लावलात तर फक्त वारा मिळेल. तो सीटखाली लावा, वायर सीटच्या नळीला टेपने घट्ट चिकटवा. पायांच्या आडोशाला साखळी आणि मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, स्वच्छ येतात. जर्सीच्या आत लावलेला माइक कापडाची खसखस देतो आणि घामाने मरतो.

एक चूक मात्र हमखास होते: चढाच्या दृश्यावर फ्रीव्हीलची, म्हणजे पाय थांबले की मागच्या चाकाशी वाजणाऱ्या दातेरी चक्राची, टिकटिक चढवणं. चढताना पाय थांबत नाहीत, त्यामुळे फ्रीव्हील मुकं असतं. ते वाजतं उतारावर. सायकल चालवणारा श्रोता ही लबाडी दोन सेकंदांत पकडतो.

मुलाखत दोनदा घ्या. चढ संपल्याबरोबर घाटमाथ्यावर उभ्या केलेल्या तुमच्या सहकाऱ्याने एकच प्रश्न विचारावा, फक्त स्वार थांबलेला किंवा शर्यत सोडलेला असेल तरच. दुसरी मुलाखत स्वाराने सायकल खाली ठेवून पाणी प्यायल्यावर, अर्ध्या तासाने. ‘कसं वाटतंय?’ला ‘छान वाटतंय’ एवढंच उत्तर येतं. ‘कुठल्या वळणावर सुटलात? तेव्हा गियर कुठला होता?’ असं विचारा. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि गाव माइकवर बोलायला लावा. परराज्यातल्या स्वारांच्या नावांचे उच्चार निवेदकाला तिथूनच मिळतील.

निवेदन सहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. ‘पेलोटॉन’ पहिल्यांदा आला की ‘मोठा जथा’ म्हणून सोडवा, मग खुशाल वापरा. सुरुवात शीर्षक संगीताने नको, पंधरा सेकंदांच्या धापांनी करा. शेवटचं मिश्रण मोनो करून मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, शेजारी पंखा चालू ठेवून ऐका. साखळी ऐकू आली नाही तर निवेदन नव्हे, मागचं संगीत कमी करा.