जुन्या फोटोतली गाडी ओळखताय? या चुका टाळा

नवखा माणूस फोटो हातात घेतो आणि अर्ध्या मिनिटात नाव ठोकून मोकळा होतो. ‘ही फोर्ड.’ ‘ही युद्धातली जीप.’ मग पुढचा सगळा वेळ ते नाव खरं करण्यात जातो. मी नाव सगळ्यात शेवटी घेतो. आधी चाकं, आरे, दिवे, काच, दाराची मूठ असं जे दिसतं ते कागदावर उतरवतो.

फोटो अ‍ॅपमधून ‘स्पष्ट’ करून घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. अ‍ॅप धूसर भाग साफ करत नाही. तिथं काय असावं याचा अंदाज बांधून ते नवं चित्र काढतं. आणि आपली ओळख तर नेमकी त्या धूसर भागातल्या दोन-चार रेषांवर उभी असते.

एका मुलानं त्याच्या आजोबांचा असाच चकचकीत केलेला फोटो पाठवला. आजोबांचा हात जीपच्या बॉनेटवर, फोटोच्या मागे ‘१९४३’ लिहिलेलं. मी गाडीच्या तोंडावरच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या, आठच. विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या युद्धातल्या जीपच्या पत्र्याच्या जाळीत नऊ फटी असतात. १९४५ मध्ये आलेल्या सीजे-२ए या नागरी जीपमध्ये सात. आठ फटी दोन्हीकडे बसेनात, म्हणून मी मूळ फोटोच मागवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा फोटो, त्यात जाळी नखाएवढी. १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केला, शिवाय भिंग घेऊन उजेडात पाहिला. फटी सात निघाल्या. आठवी अ‍ॅपनं स्वतःच्या मनानं घातली होती.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. हेडलाइट जाळीच्या पुढे आलेले होते. युद्धातल्या जीपमध्ये ते आत बसवलेले असतात. मागे उघडणारा फाळका होता, तो युद्धातल्या जीपला नसतो. स्टेपनी मागे नव्हती, बाजूला टांगलेली होती. फोटोमागचं ‘१९४३’ तर बॉलपेननं लिहिलेलं होतं, आणि बॉलपेन सर्रास मिळायला लागलं ते युद्धानंतर. कुणीतरी पुढे कधीतरी आठवणीतून साल टाकलं होतं. मुलगा आधी हिरमुसला. आजोबा युद्धावर गेले होते हे खरंच होतं. फक्त हा फोटो ते सुखरूप परत आल्यानंतरचा होता, आणि हे सांगितल्यावर तो बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिला.

पण यावरून ‘सात फटी म्हणजे नागरी जीप’ असा नियम करू नका. १९५० च्या सुमारास आलेल्या लष्करी एम-३८ लाही सातच फटी आहेत, आणि तिचेही दिवे पुढे आलेले आहेत. एका खुणेवर निकाल देणं ही उतावीळपणाची खूण आहे. मी किमान तीन खुणा जुळल्याशिवाय तोंड उघडत नाही.

गाडीच्या सालाला फोटोचं साल समजणं

गाडी एवढंच सांगते की फोटो तिच्या आधीचा नाही. ट्रक वीस वर्षंही राबतात. त्यामुळे चौकटीतली सगळ्यात नवी वस्तू शोधा. बहुतेक वेळा ती मागे उभी असलेली, अर्धवट कापली गेलेली दुसरी गाडी असते.

तोंड पाहून अंगाचा अंदाज करणं

फोर्डची मॉडेल टी ही कार आणि १९१७ पासूनचा तिचा ट्रक, मॉडेल टीटी, समोरून जवळपास सारखेच. फरक लांबीत आहे. कारच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर १०० इंच, ट्रकचं १२४. पुढचं चाक टायरसकट साधारण ३० इंचांचं. फोटो अगदी बाजूनं घेतलेला असेल तर साधी पट्टी लावा: दोन आसांमधलं अंतर चाकाच्या सव्वातीनपट-साडेतीनपट भरलं तर कार, चारपटीच्या थोडं वर गेलं तर ट्रक. तिरप्या फोटोत हे करू नका, आकडा हमखास फसवतो.

उतरतं बॉनेट दिसलं की ‘हा मॅक बुलडॉग ट्रक’ म्हणणारेही पुष्कळ. १९१६ पासून बनलेल्या मॅक एसीचं, म्हणजे याच बुलडॉगचं, बॉनेट तसं आहे खरं, कारण तिचा रेडिएटर इंजिनाच्या मागे बसवलेला होता. पण त्या काळातल्या रेनॉ गाड्यांमध्येही तीच रचना होती. मी आधी मागचं चाक बघतो. मॅक एसीच्या चाकाला बाजूनं साखळी जोडलेली दिसते.

एकच तोंडवळा, वर्षं सात-आठ

१९४७ च्या मध्यात आलेले शेवरोलेचे पिकअप लोक सरसकट ‘पन्नासच्या दशकातले’ म्हणून सोडून देतात. आळस, दुसरं काय! दारातली छोटी तिकोनी काच १९५१ पासून आली, बटण दाबून उघडायची मूठ १९५२ पासून, पुढची अखंड काच आणि बदललेली जाळी १९५४ मध्ये. एवढ्या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर गाडी फार तर तीन-चार वर्षांच्या टप्प्यात येते. मुठी आणि काचा बदललेल्याही असू शकतात, हे मात्र मनात ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

स्टीअरिंग ‘चुकीच्या’ बाजूला दिसलं तर निर्यातीची गोष्ट रचण्याआधी पाटीवरची अक्षरं आणि सदऱ्याची बटणं पाहा. निगेटिव्ह उलटी छापलेली असू शकते.

रशियन गाझ-एए ट्रक म्हणजे परवान्यावर बनलेला फोर्डचा एए ट्रक, आणि चिनी जिएफांग सीए-१० हा रशियन झिस-१५० चाच अवतार. तेव्हा आकारावरून मॉडेल सांगा, पण देश सांगायला पाटी, वेष किंवा भिंतीवरची अक्षरं लागतात.

रंगवलेल्या कृष्णधवल फोटोवरून गाडीचा रंग सांगू नका.

आणि फोटो कापून पाठवू नका. कडेचा जो भाग ‘बिनकामाचा’ म्हणून तुम्ही छाटता, तिथंच मला कित्येकदा नंबरप्लेटचा अर्धा तुकडा सापडला आहे.